कोणी हलायचं नाही

आमच्या ह्यांना कशाचीच भीती वाटत नाही, असं मी लग्न झाल्यापासून चारचौघांत सांगत आले. आणि ते काही उगाच नव्हतं. हे लिफ्टचे मेकॅनिक. पंधरा पंधरा मजल्यांच्या इमारतींत लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभं राहून वर-खाली करणारा माणूस. खाली मिट्ट काळोख, वर ग्रीसने माखलेले दोर, आणि मध्ये हे तोंडात टॉर्च धरून नट आवळत असणार. एकदा मी विचारलं, "अहो, दोर तुटला तर?" तर म्हणाले, "दोर एक नसतो, चार-पाच असतात. सगळे तुटले तरी ब्रेक धरतो. आणि तो मी स्वतः तपासलेला असतो." काम सुरू करायच्या आधी मेन स्विचला स्वतःचं कुलूप घालणार आणि किल्ली खिशात टाकणार. मालक असो की मालकाचा बाप, काम संपेपर्यंत किल्ली मिळायची नाही. नशीब, शकुन, आडवं मांजर, असलं काही ह्यांना चालत नाही. ऐकलं की हसतात.

आणि हाच माणूस मॅचच्या दिवशी डावा मोजा आधी घालायचा. चुकून उजवा घातला गेला तर दोन्ही काढायचे, पाय धुवायचे, आणि पहिल्यापासून सुरू. कपाळ माझं!

मॅच म्हणजे फुटबॉलची. आमच्या शहराची टीम, हिरव्या जर्सीची. ह्यांच्या वडिलांनी ह्यांना खांद्यावर बसवून पहिल्यांदा मैदानावर नेलं, तेव्हा जे खूळ शिरलं ते शिरलंच. टीमने कप शेवटचा जिंकला तेव्हा हे शाळेत जात होते. त्यानंतर दर वर्षी "यंदा नक्की" म्हणायचं आणि दर वर्षी तोंडावर आपटायचं. जिंकले की घरात तीन दिवस सण. बाथरूममधून गाणी ऐकू यायची, मला "राणीसरकार" म्हणून हाक यायची, न सांगता शेजारणीचा गळका नळ दुरुस्त व्हायचा. हरले की जेवण नाही, बोलणं नाही, भिंतीकडे तोंड करून पडायचं. लेकीने पहिल्या नंबराचं प्रगतिपुस्तक पुढे केलं, तर सही केली आणि चुकून मार्कांच्या रकान्यात केली. मी एकदा चिडून म्हटलं, "अकरा पोरं चिखलात चेंडू लाथाडतात, त्यात तुमचं काय जातं हो?" दोन दिवस घरात स्मशानशांतता. मला वाटायचं, हा सगळा राग आहे. घरात आम्ही सगळे त्याला रागच म्हणायचो.

बरं, एकट्यापुरतं खूळ असतं तर एक वेळ सोसलं असतं. ह्यांनी घरालाच कामाला लावलं. नियम असा, की आपल्या टीमने गोल केला त्या क्षणी जो जिथे आणि जसा असेल, त्याने मॅच संपेपर्यंत तिथेच आणि तसंच राहायचं. कोणी हलायचं नाही. लेक एकदा एक पाय पोटाशी घेऊन बसली होती, तेवढ्यात गोल झाला. पायाला मुंग्या येऊन पोरगी रडायला लागली, पण बाप काही पाय सोडू देईना. लग्न होऊन गेली तेव्हा मला मिठी मारून म्हणाली, "आई, निदान पाय तरी मोकळे झाले." माझ्या वाट्याला पातेलं आलं. कुठल्याशा जुन्या मॅचला मी पातेलं घासत होते आणि गोल झाला. तेव्हापासून मॅच सुरू झाली की मी ओट्यापाशी उभं राहून पातेलं घासायचं. भांडी नसली तरी. स्वच्छ, लखलखीत पातेलं मी तासन्‌तास घासलंय. हॉलमधून हाक यायची, "घासतेयस ना?" मी म्हणायचे, "घासतेय, घासतेय. आता तळ जाऊन कडं उरेल."

आणि मग टेलर आले.

टेलर आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. दुकान पुढच्या गल्लीत. एकटे. बायको जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, मूलबाळ नाही. मी त्यांना टेलरभावजी म्हणायचे, हे नुसतंच टेलर. एका रविवारी मी त्यांना स्वयंपाकघराच्या दाराच्या पडद्याचं माप घ्यायला बोलावलं. हॉलमध्ये मॅच चालू, आमची टीम दोन गोलने मागे, आणि हे सोफ्यावर दगड होऊन बसलेले. टेलरभावजी बिचारे गळ्यात टेप घालून, टीव्हीकडे पाठ आणि माझ्याकडे तोंड करून दारात उभे राहिले. टेप चौकटीला लावला मात्र, मागे गोल! हे ओरडले, "टेलर, हलू नकोस!" भावजींना वाटलं पायाखाली साप-बीप आहे. ते जे गारठले ते मॅच संपेपर्यंत. तेवढ्यात आणखी दोन गोल झाले आणि आम्ही जिंकलो.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, दुसरं काय! पण आमच्या घरातल्या शहाण्याला कोण सांगणार? पुढच्या मॅचला हे स्वतः वरच्या मजल्यावर जाऊन त्यांना घेऊन आले. तसंच उभं राहायचं, टीव्हीकडे पाठ, स्वयंपाकघराकडे तोंड, गळ्यात टेप. दोन-तीन मॅचनंतर मीच भांडून त्यांना एक स्टूल मिळवून दिलं. आणि ते स्टूल दहा-अकरा वर्षं चाललं. कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. त्या माणसाने आमच्या घरात शेकड्याने मॅच ऐकल्या आणि एकही बघितली नाही.

ते तोंड माझ्याकडे करून बसायचे म्हणून मी मॅच त्यांच्या चेहऱ्यावर बघायचे. मी पातेलं घासायचे आणि त्यांच्या भुवया बघायचे. वर गेल्या की आपला चेंडू पुढे चाललाय. डोळे मिटले की आपल्या गोलपाशी गडबड आहे. मध्येच हळूच विचारायचे, "वहिनी, ऑफसाईड म्हणजे नक्की काय हो?" मी म्हणायचे, "मला विचारताय? मी पातेल्याची तज्ज्ञ." आणि आम्ही दोघं आवाज न करता हसायचो. मॅच संपली की जेवून जायचे. टीम हरली की हे त्यांच्यावरही गुरगुरायचे, "मान हलवलीस ना मध्ये?" तरी पुढच्या मॅचला टेलरभावजी मॅचची शिट्टी वाजायच्या आधी दारात हजर. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टेप.

यंदा टीम फायनलला पोचली. आधीचा आठवडाभर ह्यांची झोप उडालेली. कामावरून येऊन बूट न काढता बसून राहायचे. फायनलच्या दुपारी बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, सगळे आपापल्या टीव्हीपुढे. हे हिरवी जर्सी घालून सोफ्यावर, टेलरभावजी स्टुलावर, मी ओट्यापाशी. आल्या आल्या भावजी म्हणाले होते, "आज जरा छातीत जळजळतंय, वहिनी." मी पाणी दिलं. म्हटलं, "आज अख्ख्या शहराच्या छातीत जळजळतंय."

पहिला गोल समोरच्या टीमचा झाला. मग आमचा. आमचा झाला तेव्हा भावजींचा डावा हात मांडीवर होता आणि उजवा टेपवर. म्हणजे आता दोन्ही हात तिथेच राहणार.

मॅच संपत आली तेव्हा मी वर बघितलं. त्यांच्या भुवयांना काही कळतच नव्हतं. मागे समालोचक घसा फोडून ओरडत होता आणि ह्या चेहऱ्यावर त्यातलं काहीही नाही. रंग राखेसारखा. कपाळावरून घाम नुसता ओघळत होता, हनुवटीवरून टेपवर पडत होता. जबडा असा आवळलेला की दाताखाली काही धरलंय. मी हळू आवाजात म्हटलं, "भावजी, काय होतंय?"

त्यांनी फक्त डोळ्यांनी नाही म्हटलं.

"अहो, टेलरभावजींकडे बघा!" मी हॉलकडे ओरडले.

"आत्ता नाही! पेनल्टी मिळतेय बहुतेक! कोणी हलू नका!"

भावजींचे ओठ हलले. आवाज इतका बारीक होता की मला पुढे वाकावं लागलं. म्हणाले, "वहिनी... तुम्ही घासा. पाचच मिनिटं राहिली."

माणूस माझ्यासमोर मरायला टेकलाय, आणि मांडीवरचा हात उचलून छातीवर न्यायचा नाही म्हणून तो तसाच धरून बसलाय! ह्यांना दिसणार कसं? ह्यांच्याकडे त्यांची पाठ. मी हातातलं पातेलं उचललं आणि भावजींच्या डोक्यावरून सरळ हॉलमध्ये फेकलं. टीव्हीखालच्या फरशीवर असा काही आवाज झाला की हे उडालेच. वळले. तोंड शिवी द्यायला उघडलं आणि तसंच राहिलं. भावजींचा इस्त्रीचा शर्ट मानेपासून कमरेपर्यंत पाठीला चिकटला होता, पिळून काढावा असा.

हे उठले. मागे टीव्हीवर आमच्या टीमचा पोरगा पेनल्टीसाठी चेंडू ठेवत होता, ते मला ह्यांच्या खांद्यावरून दिसत होतं. ह्यांनी वळून बघितलं नाही. भावजींच्या काखेत हात घालून म्हणाले, "लिफ्ट बोलव." भावजी आक्रसले. म्हणाले, "नको रे, मी हललो तर—"

"गप्प बस!" हे ओरडले. तो ओरडण्याचा आवाज मी आजवर ऐकला नव्हता. त्यात राग नव्हताच. चिरकलेला, लहान पोरासारखा आवाज.

लिफ्टचं दार मिटलं, डबा खाली निघाला, आणि सगळी इमारत एकदम ओरडली. वरून, खालून, चारी बाजूंनी. बंद डब्यात ते आनंदाचं ओरडणं आहे की दुःखाचं, काही कळेना. हे भावजींना छातीशी धरून उभे होते आणि मजल्याचे आकडे बघत होते. "टेलर, श्वास घे. घे रे. ऐकतोयस ना?" भावजींची मान ह्यांच्या खांद्यावर पडली होती. मी लिफ्टच्या भिंतीला टेकून नुसती देवाला हाका मारत होते.

खाली ह्यांच्या कंपनीची गाडी होती, मागे शिड्या आणि दोरांची भेंडोळी. तिथेच भावजींना आडवं केलं, डोकं माझ्या मांडीवर. डोळे मिटलेले. हे चालवायला बसले. गल्ली ओलांडली, मोठ्या रस्त्याला लागलो, आणि समोरून हिरवा लोंढा आला.

जिंकलो होतो. इतक्या वर्षांनी एकदाचे जिंकलो होतो, आणि मला तेव्हा वाटलं की ह्या शहराला आग का लागत नाही! ढोल, शिट्ट्या, फटाके. माणसं गाडीच्या पुढे नाचायला लागली. ह्यांची हिरवी जर्सी बघून एकाने खिडकीतून हात घालून ह्यांचे गालच धरले, "काका, जिंकलो! जिंकलो काका!" हे रडकुंडीला येऊन ओरडत होते, "बाजूला व्हा! अरे बाजूला व्हा!" आणि त्या गदारोळात लोकांना वाटत होतं की हा पण जल्लोषच करतोय. दोघं बॉनेटवर चढून नाचायला लागले. हॉर्न दाबला तर त्याच्या तालावर टाळ्या पडायला लागल्या. मी मांडीवर बघितलं. भावजींचे ओठ निळसर दिसत होते. आता संपलं, असं वाटलं मला. भावजी इथेच, ढोलाच्या आवाजात संपणार.

मी मागचं दार उघडलं आणि जो हाताला लागला त्याची जर्सी धरून त्याला आत ओढला. "मेल्या, डोळे फुटले का तुझे? बघ! हा माणूस बघ!" विशी-बाविशीचा दांडगा गडी, तोंडाला हिरवा रंग. त्याने भावजींचा चेहरा बघितला आणि त्याचं नाचणं जागच्या जागी गोठलं. पण गडी शहाणा निघाला. उडी मारून गाडीपुढे गेला, बॉनेटवरच्या दोघांना खाली खेचलं, दोन्ही हात पसरून ओरडला, "पेशंट आहे! वाट द्या!" मग तेच एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगितलं. ढोलवाले बाजूला झाले. जे हात गाडी बडवत होते तेच लोकांना मागे लोटायला लागले. आम्ही निघालो तेव्हा हे स्टिअरिंगवर वाकून काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतायत. कान दिला तर म्हणत होते, "मी म्हणालो हलू नको. मीच म्हणालो हलू नको."

हॉस्पिटलमध्ये भावजींना आत नेलं आणि दार लागलं. मग आम्ही बाकड्यावर. हे दार उघडलं की उठायचे, मिटलं की बसायचे. बाहेर फटाके वाजत होते आणि प्रत्येक आवाजाला ह्यांचे खांदे उडत होते. शेवटी डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, हृदयाची नळी मोकळी केली आहे, धोका टळलाय म्हणायला हरकत नाही. मग ह्यांच्या जर्सीकडे बघून म्हणाल्या, "पेशंटला इतका वेळ दुखत होतं, तर कोणाच्या लक्षात कसं नाही आलं?" ह्यांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत सोडलं. टेलरभावजी उशीला टेकून बसले होते. अंगाला नळ्या, आवाज खोल गेलेला. पहिला प्रश्न काय विचारावा? "काय झालं रे मॅचचं?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, "हरलो."

मी थक्कच झाले.

"हरलो?"

"तू उठलास, आणि तिथेच पेनल्टी हुकली. मग त्यांनी घातला."

"आणि काल ते ढोल कसले वाजत होते? सिस्टर म्हणत होत्या—"

"त्यांच्या गावचे लोक आले होते. नाचत होते इथे येऊन, निर्लज्ज."

सगळा जन्म ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवस ह्या माणसाने असा एका वाक्यात मोडून टाकला. आणि टेलरभावजींचा चेहरा! तो तर मला पाठ होता. हरल्याचं ऐकून तो पडायला हवा होता. तो फुलला. "बघ," ते म्हणाले, "म्हणजे माझ्याशिवाय नाही जमलं. पुढच्या वेळी नाही उठणार मी. काही झालं तरी नाही उठणार."

मी ह्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

"कळतंय का तुम्हाला, काय करून आलात ते?"

"अगं, त्याचा चेहरा बघितलास ना? तो उठल्यावर जिंकलो असं कळलं तर काय वाटेल त्याला? इतकी वर्षं त्याच्यामुळेच हरत होतो, असं नाही वाटणार?"

"आणि पुढच्या वेळी छातीत दुखलं तर? पुन्हा हात मांडीवर ठेवून बसेल तो, आणि ह्या वेळी मरेपर्यंत उठणार नाही. स्वतःच्या तोंडाने सांगितलंय त्याने. लिफ्ट अर्धवट दुरुस्त करून कधी चालू केलीत का तुम्ही?"

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग आत गेले, मी मागोमाग. खाटेच्या कडेला बसले आणि धडाधड बोलून टाकलं, थांबले असते तर जमलं नसतं म्हणून.

"टेलर, खोटं बोललो. जिंकलो. कप मिळाला. आणि तू उठलास म्हणून नाही जिंकलो. तू बसायचास म्हणूनही कधी जिंकलो नव्हतो. मोजे, पातेलं, स्टूल, कशाने काही होत नव्हतं. ती पोरं खेळतात, जिंकतात, हरतात. आपण इकडे मेलो तरी त्यांना पत्ता नसतो."

हे बोलताना ह्यांना काय झालं असेल ते मला माहीत आहे. लहानपणापासून टीमला आपणच धरून ठेवलंय असं मानणारा माणूस, आणि त्याने स्वतःच्या हाताने ते सोडलं.

टेलरभावजी चादरीचं टोक बोटांत धरून शिवण तपासल्यासारखं चाचपत राहिले. मग खाली बघतच म्हणाले, "मला फुटबॉल आवडत नाही रे. कधीच नाही आवडला. त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण दुकान बंद करून वर गेलो की घरात आवाज नसतो. तुमच्याकडे मॅचच्या दिवशी कोणीतरी विचारायचं, टेलर आला का, अजून कसा नाही आला. मी नसलो तर चालत नाही, असं ह्या जगात एकच ठिकाण होतं. काल दुखायला लागलं तेव्हा मला मरायची नाही भीती वाटली. वाटलं, मी हललो आणि हरलो, तर हा पुन्हा बोलवायचा नाही."

मग वर बघितलं. "आता सांग, मी यायचं कशाला?"

मला वाटलं, हे आता चेष्टा करतील, वाटेल ते बोलून वेळ मारून नेतील. आयुष्यभर तेच केलं होतं. पण हे खाटेवर आणखी जवळ सरकले.

"मला भीती वाटते," हे म्हणाले. "मॅच सुरू झाली की पोटात गोळा येतो. हात गार पडतात. लहान होतो तेव्हापासून. बाबांच्या खांद्यावर बसलो होतो तेव्हाही वाटायची. कोणाला सांगितलं नाही, हिलासुद्धा नाही. नुसता ओरडत आलो. तू असा दारात बसलेला असलास ना, की वाटतं, चला, घरात आणखी एक माणूस आहे, आपण एकटे नाही. एकट्याला नाही रे बघवत."

संसाराची इतकी वर्षं ज्याला मी राग म्हणत आले, ती ही भीती होती. मी खिडकीकडे तोंड केलं, कारण मला रडू आवरेना.

मागे टेलरभावजी घसा खाकरले. "मग आता तोंड कुठे करून बसायचं मी?"

"माझ्या शेजारी बस," हे म्हणाले. "तोंड कुठेही कर. आणि दुखलं की सांग. गोल होत असला तरी सांग."

भावजींनी मान डोलावली. मग दोघंही एकमेकांकडे न बघता बसून राहिले, आणि ह्यांनी त्यांचा नळी लावलेला हात अलगद आपल्या हातात घेतला.